टरफलं आणि दीड दिवसाची शाळा

१ ऑगस्टला महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांत एकाच टेबलावर दोन फोटो मांडलेले असतात, एक लोकमान्य टिळकांचा, दुसरा अण्णाभाऊ साठे यांचा. एकाची पुण्यतिथी, दुसऱ्याची जयंती. नुसती तारीख नाही, सालसुद्धा एकच, १९२०. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात मध्यरात्र उलटल्यावर टिळक गेले, आणि त्याच तारखेला तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या, आताच्या सांगलीतल्या वाटेगावच्या मांगवाड्यात भाऊराव आणि वालुबाई साठ्यांच्या घरी तुकाराम जन्मला. हा तुकाराम पुढे अण्णाभाऊ झाला. दोन्ही फोटोंना हार पडतात, नारळ फुटतो, चार मुलं भाषणं करतात, मुख्याध्यापक ‘या दोन्ही थोर विभूतींपासून प्रेरणा घ्या’ म्हणतात आणि दुसरा तास सुरू होतो.

हा कार्यक्रम संयुक्त म्हणवला जातो, पण त्यात संयुक्त काहीही नसतं. टिळकांवरची भाषणं टिळकांवर, अण्णाभाऊंवरची अण्णाभाऊंवर. मधे सूत्रसंचालन करणारी मुलगी ‘यानंतर’ म्हणते, तेवढाच काय तो दुवा. त्यावरून दरवर्षी दोन तऱ्हेच्या तक्रारी ऐकू येतात. एक, दोघांचं एकत्र कशाला, वेगवेगळं करा. दुसरी, हे दिनविशेषाचं खूळच बंद करा. मला दोन्ही पटत नाहीत. हे दोन फोटो एकाच टेबलावर राहावेत, पण त्यांना एकमेकांशी बोलू द्यावं. आणि ते बोलणं गोडच असेल अशी अट घालू नये.

आधी दिनविशेषाबद्दल. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार झाला की दिनविशेषाचा नंबर येतो. पूर्वी त्यासाठी बाइंडिंग केलेली वही असायची, आता गुरुजींच्या मोबाइलवरून वाचतात. १ ऑगस्टची यादी साधारण अशी: १७७४ मध्ये प्रीस्टले यांनी ऑक्सिजनचा शोध लावला; १९१४ मध्ये जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं; स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिन; स्तनपान सप्ताहाला सुरुवात; मीनाकुमारीचा जन्म; टिळकांचं निधन; अण्णाभाऊंचा जन्म. पोरं मैदानात ओळीत उभी, निम्म्यांचं लक्ष पायाखालच्या मुंग्यांकडे. यादीतल्या सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांचा परस्परांशी संबंध शून्य.

तारखांमध्येही दोन जाती असतात आणि यादी त्या दोन्ही एकत्र कालवते. काही तारखा माणसांनी ठरवून घेतलेल्या असतात. घटना २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारली, पण ती पूर्णपणे अमलात आणायला २६ जानेवारीपर्यंत थांबले, कारण १९३० मध्ये त्या तारखेला पूर्ण स्वराज्याचा दिवस पाळला होता. बाबासाहेबांनी धम्मदीक्षेसाठी १९५६ ची विजयादशमी निवडली, म्हणून दीक्षाभूमीवर आजही दसऱ्याला माणूस मावत नाही, मग तारीख कोणतीही असो. अशा दिवसांना निवडणाऱ्याचा हेतू चिकटलेला असतो. दुसऱ्या जातीच्या तारखा नुसत्या येऊन पडतात. गंमत अशी की १ ऑगस्ट १९२० ला दोन्ही प्रकार एकाच दिवशी घडले. असहकाराच्या चळवळीची सुरुवात त्या दिवशी करायची हे गांधीजींनी आधीच जाहीर केलं होतं. त्याच तारखेचं पत्र पाठवून त्यांनी कैसर-ए-हिंद पदक व्हाइसरॉयला परत केलं. टिळकांचा मृत्यू मात्र ठरवून आलेला नव्हता. भर पावसात गिरगाव चौपाटीवर लोटलेल्या त्या गर्दीत गांधीजींनीही तिरडीला खांदा दिला. आणि वाटेगावच्या बाळंतिणीला यातलं काही कळण्याचं कारणच नव्हतं.

तेव्हा टिळक-अण्णाभाऊंचं एका तारखेवर येणं हा निव्वळ योगायोग. ‘एक सूर्य मावळला, दुसरा उगवला’ हे वाक्य दरवर्षी कुणी ना कुणी ठोकून देतंच. टाळ्या पडतात, पण अर्थ नसतो. एकाचं काम दुसऱ्याने पुढे नेलं असं काही झालेलं नाही. उलट दोघं समोरासमोर आले असते तर कडाक्याचं भांडण झालं असतं अशी माझी खात्री आहे. म्हणूनच हा योगायोग मला वाया घालवायचा नाही.

त्या सकाळची भाषणं नीट ऐका. टिळकांवर बोलणारा पोरगा हमखास शेंगांची गोष्ट सांगतो. वर्गात टरफलं पडलेली, गुरुजी सगळ्यांना उचलायला लावतात, आणि बाळ उभा राहून म्हणतो, ‘मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही.’ गोष्ट खरी की मागाहून रचलेली, हे सोडून द्या. महाराष्ट्रात ती रामरक्षेइतकी पाठ आहे. पाच मिनिटांनी दुसरा पोरगा त्याच माइकवर येतो आणि सांगतो, ‘अण्णाभाऊ फक्त दीड दिवस शाळेत गेले.’ अर्धवट वाचणाऱ्याला हे वाक्य कौतुकाचं वाटतं. बघा, दीड दिवस शिकून केवढं लिहिलं! मग कादंबऱ्यांची संख्या, कथासंग्रहांची संख्या, रशियाचा प्रवास, मॉस्कोतला पुतळा, आणि ‘जय हिंद, जय महाराष्ट्र’.

दोन्ही गोष्टी शाळेतल्याच आहेत. एका शाळेत मुलगा गुरुजींना उलट बोलतो आणि शाळेत राहतो. दुसऱ्या शाळेत मुलगा जातीवरून झालेला अपमान आणि मास्तरांचा मार सोसतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेबाहेर पडतो, तो कायमचा. पहिल्याच्या उलट बोलण्याला आपण बाणेदारपणा म्हणतो. दुसऱ्याने तेच वाक्य त्याच सुरात म्हटलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न त्या मैदानावर कुणी विचारत नाही. पहिल्याचे वडील, गंगाधरपंत, स्वतः शिक्षक होते आणि पुढे शिक्षण खात्यात अधिकारी झाले. दुसऱ्याचे वडील मुंबईत मिळेल ते काम करून गावाकडे पैसे धाडणारे. टिळकांचा बाणेदारपणा यामुळे खोटा ठरत नाही. पण बाणेदारपणाला पाठीशी काय लागतं हे सातवीतल्या मुलाला कळू शकतं, कळायला हवं, आणि ते शिकवायला यापेक्षा चांगली जोडी शोधून सापडणार नाही. दोन्ही गोष्टी मुलांना पाठ आहेतच. फक्त त्या शेजारी ठेवून एक प्रश्न विचारायचा राहतो.

आता त्याच दिवसाचा तिसरा पाहुणा. १ ऑगस्ट हा महाराष्ट्रात महसूल दिनही आहे. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं आणि ३१ जुलैला संपतं. जुन्या वर्षाची वसुली, शिल्लक, येणं-देणं तलाठ्याने ३१ जुलैला मिटवायचं आणि दुसऱ्या दिवशी नवं दप्तर उघडायचं, ही इंग्रजी अमदानीपासूनची पद्धत. तहसील कार्यालयांत त्या दिवशी चांगलं काम केलेल्या कर्मचाऱ्यांचा सत्कार होतो, दाखले वाटले जातात. शाळेतल्या यादीत हा दिवस क्वचितच येतो, आला तरी ‘महसूल दिन’ एवढे दोन शब्द. टेबलावरच्या दोन फोटोंशी त्याचा काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

पण आहे, आणि चांगलाच आहे. १८९६ मध्ये पावसाने दगा दिला. सरकारचे स्वतःचे दुष्काळी नियम, म्हणजे फॅमिन कोड, असं सांगत होते की पीक बुडालं तर शेतसाऱ्याला तहकुबी मिळावी, सूट मिळावी. हे शेतकऱ्याला ठाऊकच नव्हतं, आणि त्याला ते सांगण्याची घाई सरकारला नव्हती. टिळकांनी ते नियम ‘केसरी’तून लोकांपुढे मांडले. सार्वजनिक सभेची माणसं गावोगाव फिरली. कर्ज काढून, गुरंढोरं विकून सारा भरू नका, कायदा तुमच्या बाजूने आहे, हा त्या मोहिमेचा सारांश. सरकार इतकं चिडलं की १८९७ मध्ये त्याने सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली. आज ज्याला आपण पैसेवारी म्हणतो, म्हणजे गावच्या पिकाचा सरकारी अंदाज, जो पन्नास पैशांच्या खाली गेला की गाव टंचाईत धरतात, त्या हिशेबाच्या मागचं भांडण हे असं जुनं आहे.

वाटेगावच्या फकिराने, मांगवाड्यातल्या त्या बंडखोराने, सरकारी नियमांची वाट पाहिली नाही. गावात लोक अन्नावाचून मरताहेत आणि खजिन्यात रुपये आहेत, एवढा हिशेब त्याला पुरला. त्याने लूट केली आणि ती वाटली. अण्णाभाऊंच्या चरित्रांत हकिकत येते की त्यांच्या जन्माच्या वेळी घरात काही नव्हतं आणि फकिराने लुटीतले ओंजळभर सुरती रुपये बाळंतिणीसाठी दिले. याच फकिरावर अण्णाभाऊंनी १९५९ मध्ये कादंबरी लिहिली आणि ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली.

टिळकांनी सरकारला त्याच्याच कायद्याच्या पुस्तकात पकडलं. फकिराच्या लोकांना ते पुस्तक वाचता येत नव्हतं. शिवाय गुन्हेगार जमाती कायद्याखाली तेच सरकार त्यांच्यातल्या अनेकांची पोलीस हजेरी घेत होतं. एखाद्याने दरोडा घालायच्या आधीच त्याला दरोडेखोर ठरवणाऱ्या राज्यात त्याने कायद्याची भाषा कुणाशी बोलायची? टिळकांचा मार्ग चूक आणि फकिराचा बरोबर असा निकाल मी देत नाही. दहावीच्या वर्गात यावर वाद घडवला तर तास कमी पडेल, एवढंच सांगतो. महसूल दिन, टिळक आणि अण्णाभाऊ यांना जोडणारा धागा तारखेत नाही. तो दुष्काळात, साऱ्यात आणि खजिन्याच्या कुलपात आहे.

आणखी एक जोडी. ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच’ हे तर भिंतीभिंतींवर आहे. ते स्वराज्य मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी, १६ ऑगस्ट १९४७ ला, मुंबईत पावसात निघालेल्या मोर्चात अण्णाभाऊंची घोषणा होती, ‘ये आजादी झूठी है, देश की जनता भूखी है.’ मला स्वतःला ही घोषणा अन्यायाची वाटते. ती आजादी खोटी नव्हती, अपुरी होती, आणि त्या दोहोंत फरक आहे. तेव्हाच्या डाव्या चळवळीची ती घाई होती. पण भुकेबद्दलचा तिचा दुसरा अर्धा भाग कोण खोडून काढेल? आणि ती म्हणणारा माणूस माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिलेला, लाल बावटा कलापथकात अमर शेख आणि गव्हाणकरांच्या बरोबरीने उभा राहिलेला. ज्या गिरणगावात तो शाहिरी करत होता, त्याच मुंबईतल्या कामगारांनी १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या होत्या, वर्षाला एक दिवस. टिळक-अण्णाभाऊंच्या भाषणांत हा गिरणी कामगार कुठेच येत नाही. खरं तर दोघांच्या मधोमध तोच उभा आहे.

इथवर कुणाची हरकत नसेल. हरकत येते ती पुढे. १९२० सालाचं नाव काढलं की ‘मूकनायक’ निघतोच. ३१ जानेवारीला बाबासाहेबांनी हे पाक्षिक सुरू केलं. ‘केसरी’ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही, असं बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. टिळक तेव्हा हयात होते. १९१७ च्या अखेरीस अथणीला टिळक बोलले त्याचा रोख असा होता की तेल्या-तांबोळ्यांनी, कुणब्यांनी कौन्सिलात जाऊन काय करायचं आहे. नेमके शब्द कोणते यावर वाद आहे, पण रोख लपत नाही. त्यानंतर काही महिन्यांतच, मार्च १९१८ मध्ये, मुंबईच्या अस्पृश्यता निवारण परिषदेत हेच टिळक म्हणाले की देवाला अस्पृश्यता चालत असेल तर मी त्याला देव मानणार नाही. आणि त्याच परिषदेच्या प्रतिज्ञापत्रावर त्यांनी सही केली नाही.

हे शाळेत काढू नका, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. महापुरुषांची उणीदुणी मुलांपुढे कशाला, लहान मनावर परिणाम होतो, पालक तक्रार करतात. तक्रारीची भीती खरी आहे. ज्या शिक्षकाला बदलीची टांगती तलवार दिसते त्याला मी धाडसाचे धडे देणार नाही. पण लहान मनाचं म्हणाल तर ते १ ऑगस्टच्या सकाळी शाळेत येण्याआधीच मोबाइल बघून आलेलं असतं. तिथे एक बाजू अथणीचं वाक्य फिरवते, दुसरी बाजू मुंबईचं. दोन्ही बाजू एकेकच वाक्य दाखवतात आणि खाली शिव्या. चार-पाच महिन्यांच्या अंतराने ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाने उच्चारली, आणि सहीची वेळ आली तेव्हा त्याने हात आखडला, हे तीनही एकत्र सांगायची जागा शाळेवाचून दुसरी कुठे आहे? ज्यांना टिळकांची काळजी आहे त्यांनी तर हा आग्रह आधी धरायला हवा. अर्ध्या वाक्यातले टिळक कुणालाही हाणता येतात.

एकत्र नको, वेगळं करा, या तक्रारीत मात्र तथ्य आहे. माझ्या शाळेत १ ऑगस्टला एकच फोटो असायचा. अण्णाभाऊंचं नाव मी ऐकलं ते शाळा सुटल्यावर, आणि तेही तमाशाच्या संदर्भात. दुसरा फोटो टेबलावर आला तो मातंग समाजाने, कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरलं म्हणून. त्यामुळे फोटो उजवीकडे की डावीकडे, निमंत्रणपत्रिकेत नाव आधी की नंतर, यावर कुणी तावातावाने बोलतो तेव्हा मला हसू येत नाही. इतकी वर्षं नावच नव्हतं, तर क्रमावर भांडण होणारच. पण यावर उपाय म्हणून फारकत घेतली तर काय होतं ते पुण्यात दिसतं. टिळक रस्त्यावरच्या टिळक स्मारक मंदिराकडे एक गर्दी, सारसबागेजवळ अण्णाभाऊंच्या पुतळ्यापाशी दुसरी. दोन ठिकाणांत म्हणण्यासारखं अंतर नाही. त्या दिवशी लोकमान्य टिळकांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर समारंभात दिला जातो, तिकडे ढोल-ताशांत मिरवणुका निघतात, आणि इकडच्या माणसाला तिकडे काय चाललं आहे ते वाहतूक वळवल्यामुळे कळतं. शाळा ही अशी जागा आहे जिथे दोन्ही घरची मुलं त्या सकाळी एका रांगेत उभी असतात. तीही वाटून टाकायची?

तिसरी तक्रार शिक्षकांची, आणि ती सगळ्यांत रास्त. दरवर्षी सामान्य प्रशासन विभागाचं परिपत्रक निघतं, जयंत्या आणि दिवसांची लांबलचक यादी येते. त्यात शिक्षण खात्याचे सप्ताह, पंधरवडे, शपथा. प्रत्येकाचा फोटो काढून गटाच्या ग्रुपवर दुपारपर्यंत टाकायचा. कार्यक्रम फोटोसाठी होतो, कार्यक्रमाचा फोटो निघत नाही. यावर माझं उत्तर असं की दिवस कमी करा, पण कमी करताना साधे सुटे दिवस गाळा. जिथे दोन गोष्टी एकमेकींवर आदळतात असे दिवस ठेवा. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची एकटीची जयंती आहे, ती राहणारच. पण ज्या दिवसांचं ‘जागतिक’ या शब्दापलीकडे आपल्याला काही ठाऊक नाही, असे डझनभर दिवस उद्या बंद झाले तर कुणाचं काय अडणार आहे?

१ ऑगस्टला दरवर्षी दोघांचं सगळं चरित्र सांगायची गरज नाही. एका वर्षी फक्त शाळा: टरफलं आणि दीड दिवस. पुढच्या वर्षी सारा आणि दुष्काळ. त्याच्या पुढे दोन घोषणा. मग एखाद्या वर्षी ‘केसरी’चा अग्रलेख आणि अण्णाभाऊंचा पोवाडा: ज्याला वाचता येतं त्याच्याशी कसं बोलायचं आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्याशी कसं. मुलगा पाचवीत आला आणि दहावीत गेला, तर सहा वेगळ्या गोष्टी ऐकेल. आज तो एकच भाषण सहा वेळा ऐकतो, दर वर्षी वेगळ्या मुलाच्या तोंडून. यासाठी नवं परिपत्रक लागत नाही, पैसे लागत नाहीत. २०२० मध्ये टिळकांची स्मृतिशताब्दी आणि अण्णाभाऊंची जन्मशताब्दी एकाच दिवशी आली होती, पण करोनाने शाळाच बंद होत्या. तसा मुहूर्त आता शंभर वर्षं नाही. मुहूर्तावाचून करण्यासारखं मात्र पुष्कळ आहे.

आणि शाळांनाच कशाला धरायचं? तहसील कार्यालयात त्या दिवशी मांडव पडतो, सत्कार होतात. तिथेही हे दोन फोटो लावायला हरकत नाही, पण फोटोंच्या खाली तालुक्यातल्या प्रत्येक गावाची गेल्या दहा वर्षांची पैसेवारी मोठ्या अक्षरांत लावावी. कोणत्या वर्षी किती पैसे, टंचाई जाहीर झाली की नाही, जमीन महसुलात सूट मिळाली का, परीक्षा शुल्काची माफी मुलांपर्यंत पोचली का. हे आकडे कार्यालयाच्या दप्तरात आहेतच. १८९६ मध्ये ते नियम लोकांना सांगण्यासाठी एका संस्थेला आपली मान्यता घालवावी लागली होती. आता सांगायला कुणाची मनाई नाही. मंडल अधिकाऱ्याने एक दुपार काढली तर तक्ता तयार होतो, आणि दाखला न्यायला आलेली म्हातारी आपल्या गावाची ओळ कुणाकडून तरी वाचून घेईलच.